गेट_टाइडचं काय करायचं? जुनी फंक्शनं, नवी नावं

मांडवीकाठ, शनिवार रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवा आहे. निदान भांडण तरी हवं आहे, कारण आमच्या-आमच्यात ते मिटत नाहीये.

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढणारी एक लहानशी पायथन लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) आम्ही तिघे फावल्या वेळात सांभाळतो. ओपन सोर्स आहे, पैसेबिसे काही नाहीत. चंद्र-सूर्याच्या ओढीचे जे घटक असतात (एम२, एस२, के१, ओ१ आणि मंडळी) त्यांचे त्या-त्या ठिकाणचे आकडे घ्यायचे, बेरीज करायची आणि पाणी किती चढेल ते सांगायचं. सुरुवातीला फक्त मुरगाव होतं. मग कुणी पणजी मागितली, कुणी शापोरा, कुणी तळपण. मागणी येत गेली तशी फंक्शनं चिकटत गेली. आजचं चित्र असं (कोडात नावं रोमनमध्येच आहेत, इथे वाचायला देवनागरीत लिहितो):

गेट_टाइड(तारीख): मुरगावची त्या दिवसाची चार टोकं देतं, दोन भरत्या, दोन ओहोट्या.
गेट_टाइड२(तारीख, स्टेशन): तेच, पण कुठल्याही स्टेशनसाठी.
गेट_टाइड_न्यू(वेळ, स्टेशन, ट्रू): त्या क्षणाची पाण्याची उंची. शेवटी ट्रू दिलं तर फुटांत, नाहीतर मीटरमध्ये.

तिन्हींत वेळेला टाइमझोन चिकटवलेला नाही. आत भारतीय वेळ गृहीत धरली आहे, आणि हे फक्त आतला कोड वाचणाऱ्यालाच कळतं.

आता २.० ही नवी आवृत्ती काढायची आहे. सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि टाइमझोनसकट द्यायच्या हे नक्की. वाद नावांवर आहे. एका सोबत्याचं म्हणणं, "गेट_टाइड हे नाव सगळ्यांना पाठ आहे. तेच ठेवू, आतून नवं करू, बाकीची दोन काढून टाकू." दुसऱ्याला सगळीच नावं नवी हवी आहेत. मी मधे अडकलोय.

---

पेडण्याची_पोर, शनिवार रात्री १०:०५

अगदी प्राथमिक प्रश्न. एडिटरमध्ये 'रिनेम' मारलं की सगळीकडे नाव बदलतं ना? मग अडचण कसली?

---

मांडवीकाठ, शनिवार रात्री १०:१२

आमच्या रेपोपुरतं (आमच्या कोडाच्या साठ्यापुरतं) बदलतं. पण लायब्ररी वापरणाऱ्यांचा कोड आमच्या हातात कुठे आहे? कोण वापरतं हेसुद्धा आम्हाला पुरतं ठाऊक नाही. कुणाच्या तरी घरी रास्पबेरी पायवर एक स्क्रिप्ट रोज पहाटे चालत असेल आणि ती लिहिणारा आज दुबईत असेल.

---

अर्धविराम, शनिवार रात्री १०:५०

"नाव तेच ठेवू, आतून नवं करू" याला माझा ठाम विरोध. कारण नीट मांडते.

समजा मुरगावला भरती सकाळी ११:३० ला आहे. जुनं गेट_टाइड ११:३० देतं. नवं त्याच नावाने ६:०० देईल, कारण यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. ज्याने वेळ सरळ छापली आहे त्याच्या पडद्यावर "भरती ६:००" दिसेल. आता गंमत पाहा. एम२ची आवर्तनं साधारण १२ तास २५ मिनिटांची, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. त्या दिवशीची ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमाराला असणार. म्हणजे तुमचं फंक्शन ज्या वेळेला "भरती" म्हणेल त्या वेळेला नदीत पाणी जवळजवळ तळाला असेल. चूक थोडीथोडकी नाही, उलटीच.

आणि कुठेही एरर नाही. प्रोग्रॅम छान चालतोय. टेस्टही हिरव्या (म्हणजे पास) असतील, कारण त्या बहुतेकदा "चार नोंदी आल्या का" एवढंच तपासतात.

नाव काढून टाकलं तर काय होतं? स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला पडते, माणूस वैतागतो, दोन शिव्या घालतो, माहिती वाचतो, दुरुस्त करतो. शिव्या परवडल्या.

माझा नियम एकच: अर्थ बदलला की नाव बदललंच पाहिजे. अर्थ तोच असेल तर नाव बदलायची घाई नको.

---

खाजनवाला, शनिवार रात्री ११:२०

मी कोडर नव्हे, पण ही लायब्ररी वापरणाऱ्यांतला आहे. भाच्याने एक बॉट करून दिलाय, रोज रात्री फोनवर मेसेज येतो. आमचं चोडणला खाजन (नदीकाठची बांध घातलेली सखल जमीन) आहे. मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) जाळं लावायचं ते ओहोटीला, पाणी खाजनातून नदीत निघतं तेव्हा. लिलावाचे पैसे भरून मानस घेतलेली असते आणि रात्रीची झोप मोडून माणूस तिथे जातो.

मेसेज आलाच नाही तर मी भाच्याला फोन करीन. उलटा मेसेज आला तर दोन-तीन रात्री पंचांगाला दोष देत बसेन. अर्धविरामबाय म्हणतात ते बरोबर.

---

जुनाजाणता, रविवार सकाळी ८:१५

या वादावर पायथनच्या घरातलंच उदाहरण आहे, तेही वेळेचंच. डेटटाइम.यूटीसीनाऊ हे फंक्शन यूटीसी वेळ देतं, पण टाइमझोनशिवाय. लोक ती स्थानिक वेळ समजून पुढे वापरतात आणि घोळ होतो. पायथनवाल्यांना ते दुरुस्त करणं एका ओळीचं काम होतं, टाइमझोन चिकटवून द्यायचा. त्यांनी ते केलं नाही. २०२३ च्या ३.१२ मध्ये यूटीसीनाऊ बाद होणार अशी सूचना लावली आणि नाऊ(टाइमझोन.यूटीसी) वापरा म्हणून सांगितलं. जुन्या नावाचा अर्थ जसाच्या तसा राहिला. तुमच्या सोबत्याला हे दाखवा.

नाव बदलल्यावर जुनं किती काळ ठेवायचं, याची दोन टोकं सांगतो. टाइमझोनच्या जागतिक यादीत आपला विभाग पूर्वी एशिया/कॅलकटा होता, नंतर एशिया/कोलकाता झाला. जुनं नाव 'बॅकवर्ड' नावाच्या फाइलमध्ये आजही दुवा म्हणून आहे आणि चालतं. क्रोममध्ये टाइमझोन विचारलात तर तो कित्येक वर्षं कॅलकटाच सांगत आला. २०२२ मध्ये कीव्हचं स्पेलिंग बदललं तेव्हाही जुनं असंच मागे ठेवलं. तिथे अर्थ बदलला नव्हता, फक्त नाव, म्हणून जुनं कायम ठेवायला खर्च शून्य.

दुसरं टोक पीएचपीचं. मायएसक्यूएल_ ने सुरू होणारी (डेटाबेसशी बोलणारी) फंक्शनं ५.५ मध्ये बाद ठरवली (२०१३) आणि ७.० मध्ये (२०१५ अखेर) उखडून टाकली. ती ठेवणंच धोक्याचं होतं. किती साइटी बंद पडल्या हे त्या काळात होस्टिंगचं काम केलेल्यांना विचारा.

---

सासष्टीकर, रविवार सकाळी ९:३०

सगळे फार प्रेमाने बोलताहेत म्हणून विरोधी बाजू घेतो.

तिघे माणसं, फावला वेळ, फुकटचं काम. जुनी नावं सांभाळायची म्हणजे प्रत्येक बग दोनदा तपासायचा, कागदपत्रांत दोन-दोन पद्धती, नव्या माणसाला पहिला प्रश्न "यातलं खरं कुठलं?" पायथनच्या युनिटटेस्टमध्ये असर्टईक्वल आणि असर्टईक्वल्स अशी जोडी होती. 'स'वालं बाद ठरून दहाहून जास्त वर्षं गेली तरी लोक लिहीतच होते. शेवटी ३.१२ मध्ये काढलं तेव्हाच बदललं. इशाऱ्याने कोणी हलत नाही, मोडल्यावरच हलतात.

नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने एनपी.इंट, एनपी.फ्लोट ही टोपणनावं १.२० मध्ये (२०२१) बाद ठरवली आणि १.२४ मध्ये (२०२२ चा डिसेंबर) काढली. अर्ध्या जगाचा कोड मोडला. लोक दुरुस्त करून मोकळे झाले. कापा आणि पुढे चला.

---

डिचोलीकर, रविवार सकाळी १०:१०

सासष्टीकर बाब, मांडवीवर पूल झाला म्हणून बेतीची फेरीबोट कुणी बंद केली नाही. आणि १९८६ च्या जुलैत तो पूल पडला तेव्हा नवा होईपर्यंत माणसं फेरीनेच गेली. जुना मार्ग चालू असू द्यावा.

---

सासष्टीकर, रविवार सकाळी १०:२५

फेरीला खलाशी लागतात, डिझेल लागतं, सरकार पगार देतं. इथे पगार कोण देतो ते सांगा, मग ठेवू फेरी.

---

अर्धविराम, रविवार सकाळी ११:००

नमपायच्या उदाहरणातली खरी गोष्ट सासष्टीकरांनी सांगितलीच नाही. १.२४ मध्ये एनपी.इंट लिहिलंत तर नुसतं "असं काही नाही" म्हणून हात वर करत नाही. "हे पायथनच्या साध्या इंटचं टोपणनाव होतं, ते काढलं आहे, त्याऐवजी अमुक लिहा" असा परिच्छेदच येतो. म्हणून लोक मोकळे झाले. कापायला माझी ना नाही, पण कापलं तिथे पाटी लावा.

आपल्याकडेही तेच करता येईल. २.० मध्ये गेट_टाइड नावाचं फंक्शन राहील, पण त्याच्या पोटात एकच ओळ: एरर टाका आणि एररमध्ये नवं नाव, वेळेतला फरक, जुन्या ओळीची नवी ओळ कशी लिहायची हे सगळं सांगा. याला सांभाळ शून्य. फक्त ते नाव पुन्हा कधीही दुसऱ्या कामाला वापरायचं नाही.

---

फर्मागुडीचा_फळा, रविवार दुपारी १२:४०

मी शिकवतो, त्यामुळे नावांवर जास्त बोलणार. माफ करा.

'गेट' हे क्रियापद फसवं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, तयार ठेवलेली गोष्ट उचलून दिली. इथे तर गणित होतंय, आणि जे मिळतं तो अंदाज आहे, मोजमाप नाही. वारा, हवेचा दाब, पावसाळ्यात नदीला आलेलं पाणी यातलं काहीच त्या बेरजेत नाही. ज्यांच्याकडे मोजलेली उंची आहे त्यांना उद्या तुमच्याच लायब्ररीत ती वाचायची असेल तर 'गेट' त्यासाठी मोकळं ठेवा. अंदाजाला 'प्रेडिक्ट'.

'टाइड' म्हणजे उंची की घटना? तुमच्या तीन फंक्शनांपैकी दोन घटना देतात, एक उंची. एकाच नामाचे दोन अर्थ.

'२' आणि 'न्यू' यांवर बोलायलाच नको, पण बोलतो. युनिक्समध्ये डुप, डुप२, डुप३ आहेत. वेट, वेट३, वेट४ आहेत, त्यात वेट२ कुठे गेलं म्हणून विद्यार्थी विचारतात. आकड्याने एवढंच कळतं की आधीचं पुरलं नाही. काय पुरलं नाही ते कळत नाही. आणि 'न्यू' तर वर्षभरात शिळं होतं. पुढचं काय, गेट_टाइड_न्यू_न्यू?

शेवटी ते ट्रू. गेट_टाइड_न्यू(वेळ, 'पणजी', ट्रू) ही ओळ वाचून फूट आठवतात का कुणाला? एकक नेहमी मीटर ठेवा. फूट ज्याला हवे त्याने भागाकार-गुणाकार करावा. उलट, उंची कशापासून मोजली हे सांगणारा पर्याय मात्र हवा. चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांतल्या सखल पाण्याच्या शून्यपातळीपासून) मोजली की सरासरी समुद्रपातळीपासून, यात मुरगावला मीटरभराचा फरक पडतो. आणि तो पर्याय नाव लिहूनच द्यावा लागेल अशी सक्ती करा.

---

पेडण्याची_पोर, रविवार दुपारी १:१५

नाव लिहून द्यायची सक्ती म्हणजे सिग्नेचरमध्ये (फंक्शनच्या पॅरामीटरांच्या यादीत) तारा (*) टाकायचा तोच ना? आणि त्याच्या उलट तिरकी रेघ (/)?

---

फर्मागुडीचा_फळा, रविवार दुपारी १:३०

शाबास, तोच. ताऱ्यानंतरचे पर्याय नावानेच द्यावे लागतात. तिरक्या रेघेच्या आधीचे फक्त जागेने, ही सोय ३.८ पासून. दुसऱ्याचा फायदा असा की त्या पॅरामीटरचं नाव तुम्ही उद्या बदललंत तरी कुणाचं काही मोडत नाही. लोक विसरतात की पॅरामीटरचं नावही इंटरफेसच आहे. फंक्शनचं नाव सहा महिने विचार करून ठेवतात आणि आत 'डीटी' नाहीतर 'एक्स'.

---

मांडवीकाठ, रविवार दुपारी ३:५०

जेवून, झोपून परत आलो. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

नावांचा पहिला मसुदा:

प्रेडिक्ट_हाइट(स्टेशन, वेळ, *, डेटम): एका क्षणाची उंची, मीटरमध्ये.
फाइंड_हाय_लो(स्टेशन, पासून, पर्यंत): त्या काळातल्या भरती-ओहोटीच्या घटनांची यादी.

दुसऱ्यात 'तारीख' काढून 'पासून-पर्यंत' केलंय, त्याला कारण आहे. चांद्रदिवस २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून काही तारखांना चार नाही, तीनच टोकं येतात. जुनं गेट_टाइड अशा दिवशी चौथ्या जागी नन (पायथनचं 'काही नाही') भरतं, म्हणजे यादीची लांबी नेहमी चार.

प्रश्न: जुनं फंक्शन आता आतून नव्याला हाक मारणार. तिथे ते नन पुन्हा मुद्दाम भरायचं का? मला ते ओंगळ वाटतं.

---

जुनाजाणता, रविवार संध्याकाळी ५:०५

भरायचं. ओंगळ असेल, पण चार वर्षं ते तसंच होतं. कुणीतरी "अ, ब, क, ड = गेट_टाइड(...)" असं सरळ चार डब्यांत ओतून घेतलेलं असणारच. तुम्ही तीन दिलेत की महिन्यातून चारेकदाच मोडेल, आणि असा बग शोधायला सगळ्यात वाईट. तुम्ही वचन काय दिलंत याला फार अर्थ नसतो. जे दिसतं त्यावर लोक विसंबतात.

२०१० मधली ग्लिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) गोष्ट बोलकी आहे. मेमकॉपी या फंक्शनचं वचन असं की मूळ आणि नक्कल यांची जागा एकमेकांवर चढलेली असेल तर काय होईल ते सांगता येत नाही. वेग वाढवण्यासाठी त्यांनी आतली नकलेची दिशा बदलली. वचन मोडलं नव्हतं. तरी फेडोरा लिनक्सवर फ्लॅश प्लगइनचा आवाज खरखरायला लागला, कारण फ्लॅशने ते वचन वाचलेलंच नव्हतं. खुद्द लिनक्सकर्ते टोरवाल्ड्स त्या वादात उतरले, ते वापरणाऱ्यांच्या बाजूने.

नव्या फंक्शनात मात्र नुसते चौकोनी कंस देऊ नका. प्रत्येक घटनेला .वेळ, .उंची, .प्रकार अशी नावं असलेली वस्तू द्या. उद्या चौथी माहिती जोडलीत तर कुणाचं ओतणं मोडणार नाही.

---

अर्धविराम, रविवार संध्याकाळी ६:३०

एक सापळा अजून कुणी काढला नाही. तुमच्याकडे स्टेशन नावाचा क्लास आहे, लोक त्यावरून आपला क्लास (सबक्लास) बनवतात आणि गेट_टाइड_न्यू स्वतःचं लिहितात (आत खाडीत भरती उशिरा पोचते ती भर घालायला). बरोबर?

---

मांडवीकाठ, रविवार संध्याकाळी ६:३४

हो. कुंभारजुव्याच्या बाजूचं असं एक मला माहीत आहे.

---

अर्धविराम, रविवार संध्याकाळी ७:१०

मग ऐका. नव्या आवृत्तीत लायब्ररी आतून सगळीकडे प्रेडिक्ट_हाइटला हाक मारणार. त्या माणसाने तर गेट_टाइड_न्यू लिहिलंय. त्याचं कुणी विचारणारच नाही! त्याची उशिराची भर गुपचूप गळून पडेल. जुनं नाव नव्याला हाक मारतंय एवढं पुरेसं नाही. बाहेरचा माणूस आपल्याला हाक मारतो ती वाट सांभाळली, पण आपण त्याच्या कोडाला हाक मारतो ती राहिली.

जँगो या पायथनच्या वेब-चौकटीने हे केलंय. १.६ मध्ये (२०१३) गेट_क्वेरी_सेट चं गेट_क्वेरीसेट झालं. बदल फक्त एका अधोरेषेचा. पण लोकांनी ते आपापल्या मॅनेजरमध्ये ओव्हरराइड केलेलं (म्हणजे स्वतःचं लिहिलेलं). म्हणून त्यांनी एक मेटाक्लास लिहिला, जो क्लास तयार होतानाच बघतो: यात जुनं नाव आहे आणि नवं नाही? मग इशारा दे आणि जुनंच नव्या नावाला जोडून टाक. १.८ मध्ये ही सोय गेली. तुम्हाला मेटाक्लासही नको, सबक्लास बनताना आपोआप चालणाऱ्या __इनिट_सबक्लास__ मध्ये चार ओळींत होईल.

अवांतर: एका अधोरेषेसाठी एवढा खटाटोप करावा का, याचं माझं उत्तर "नाही" आहे. नाव जरासं वाकडं असेल तर राहू द्यावं. युनिक्समधलं क्रिएट शेवटच्या 'ई'शिवाय पन्नास वर्षं जगलं. एचटीटीपीमधल्या रेफररचं स्पेलिंग १९९६ च्या आरएफसीपासून (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजापासून) चुकीचं आहे आणि इंटरनेट चालू आहे.

---

सासष्टीकर, रविवार संध्याकाळी ७:४५

हे पटलं. सबक्लासचा मुद्दा माझ्या "कापा" पक्षालाही लागू आहे, कारण तिथे कापूनही आवाज होत नाही.

पण इशाऱ्यांवर मी अजून ठाम. डेप्रिकेशनवॉर्निंग ('हे बाद होणार' असा पायथनचा इशारा) लावाल आणि समजाल काम झालं. तो इशारा पायथन मुळात दाखवतच नाही! मुख्य स्क्रिप्टमधूनच थेट हाक गेली असेल तरच दिसतो. मधे एखादं मॉड्यूल (वेगळी कोड-फाइल) आलं की गप्प. खाजनवाल्यांच्या भाच्याचा बॉट नक्की मॉड्यूलांत विभागलेला असणार.

---

जुनाजाणता, रविवार रात्री ८:२०

म्हणून दोन प्रकार आहेत. डेप्रिकेशनवॉर्निंग लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी, ते पायटेस्ट (टेस्ट चालवायचं साधन) चालवतात आणि पायटेस्ट ती दाखवतं. शेवटच्या वापरणाऱ्यासाठी फ्यूचरवॉर्निंग, ती लपत नाही. सायकिट-लर्न ही लायब्ररी हीच वापरते. तुमचे वापरणारे बहुतेक शेवटचेच दिसतात, तेव्हा फ्यूचरवॉर्निंग.

आणि स्टॅकलेव्हल=२ विसरू नका. नाहीतर इशाऱ्यात तुमच्या लायब्ररीची फाइल आणि ओळ दिसते, वापरणाऱ्याची नाही. तो म्हणतो, "यांच्याच कोडात गडबड आहे, मला काय."

अजून एक, इशारा पहिल्याच आवृत्तीत लावू नका. आधी नुसती नवी नावं येऊ द्या. तुमच्यावर बेतलेली दुसरी लायब्ररी असेल तर तिला जुनी-नवी दोन्ही आवृत्त्या चालवायच्या असतात. नवं नाव पोचायच्या आत इशारा सुरू झाला तर तिच्या वापरणाऱ्यांना असा आवाज ऐकू येतो ज्यावर त्यांना काहीच करता येत नाही. मग लोक इशारेच बंद करून ठेवतात, कायमचे.

---

डिचोलीकर, रविवार रात्री ९:००

स्टेशनच्या नावांचं काय? ती स्ट्रिंग आहेत ना? मी 'पंजिम' लिहितो, दुसरा 'पणजी' लिहितो. मुरगावची तर रोमनमध्येच तीन स्पेलिंगं फिरतात.

---

मांडवीकाठ, रविवार रात्री ९:२५

चांगलं काढलंत. आज फक्त एकच स्पेलिंग चालतं, बाकीच्यांना कीएरर ('असं नाव नाही'). इथे टाइमझोनवाल्यांचा मार्ग घेऊ: एक अधिकृत नाव, बाकी सगळी टोपणनावं एका तक्त्यात, कायमची आणि इशाऱ्याविना. पंजिम म्हणा, पणजी म्हणा, जागा तीच आहे, कुणाला सुधारायला आम्ही बसलेलो नाही.

---

मांडवीकाठ, मंगळवार रात्री १०:३०

तिघे बसलो. ठरलं ते असं.

१.८ मध्ये प्रेडिक्ट_हाइट आणि फाइंड_हाय_लो येतील. दोघांना टाइमझोन नसलेली वेळ दिली तर सरळ एरर, अंदाज बांधणार नाही. जुनी तिन्ही जशीच्या तशी, नन आणि भारतीय वेळेसकट, फक्त आतून नव्यांवर बेतलेली. सबक्लासची तपासणी याच आवृत्तीत. इशारा नाही, पण मार्गदर्शिकेतून जुनी नावं काढून एका वेगळ्या पानावर.

१.९ मध्ये फ्यूचरवॉर्निंग. इशाऱ्यात "५ तास ३० मिनिटं" हे शब्द असणारच, खाजनवाल्यांसाठी.

२.० मध्ये तिन्ही नावांना अर्धविराम म्हणतात तशा एररच्या पाट्या. ही आवृत्ती जूनमध्ये काढू. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, बंदरावरून ही लायब्ररी वापरणारे दोघे-तिघे तेव्हा निवांत असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काहीही प्रसिद्ध करायचं नाही, हा नियम रेपोत लिहूनच ठेवला.

"गेट_टाइड तेच ठेवू" म्हणणारा सोबती ११:३० चं गणित वाचून गप्प झाला. नंतर म्हणाला, मग निदान २.१ मध्ये तरी ते नाव परत घेऊ. त्यालाही नकार कळवला आहे.

---

फर्मागुडीचा_फळा, मंगळवार रात्री ११:००

फाइंड_हाय_लो मध्ये 'पर्यंत'चा क्षण धरलेला आहे की वगळलेला? बरोबर त्या क्षणी भरती असली तर?

---

मांडवीकाठ, मंगळवार रात्री ११:१०

वगळलेला. म्हणजे सलग दोन दिवस मागितले तर एकच घटना दोनदा येणार नाही. मार्गदर्शिकेत पहिल्याच ओळीत टाकतो.

---

खाजनवाला, बुधवार सकाळी ७:३०

भाच्याला धागा पाठवला. तो विचारतो, १.८ आली की लगेच बदललं तर चालेल का, की जूनपर्यंत थांबायचं?

---

मांडवीकाठ, बुधवार सकाळी ८:०५

लगेच बदला. फक्त मेसेज छापताना वेळ एशिया/कोलकातात फिरवून घ्यायला सांगा, बॉट यूटीसीच पाठवत बसेल नाहीतर. सबक्लासच्या तपासणीचा पुल रिक्वेस्ट (कोडातल्या बदलाचा प्रस्ताव) टाकलाय. पेडण्याच्या पोरी, वेळ असेल तर तू बघ, टेस्ट कमी आहेत.

---

पेडण्याची_पोर, बुधवार दुपारी २:२०

बघितला. आईकडून आणि वडिलांकडून, म्हणजे दोन क्लासांकडून वारसा घेतलेला असला आणि जुनं नाव फक्त दुसऱ्यात असलं तर तपासणी सुटते. टेस्ट लिहून तिथेच टाकली आहे, लाल येतेय.